घर मागे ओढायचं की पाठीवर घ्यायचं?

चाकांवरच्या घरातून फिरायचं स्वप्न बघताय? मग हाच हिशोब 1960 साली मांडणाऱ्या जॉन स्टाइनबेकला आधी भेटा.

तुमच्या फोनमध्ये अशी एक तरी रील सेव्ह केलेली असणारच. व्हॅनचा मागचा दरवाजा उघडा, समोर डोंगर किंवा समुद्र, आत मऊ गादी आणि हातात कॉफीचा मग. खाली मित्रमैत्रिणींना टॅग केलेलं, परीक्षा संपली की आपण हेच करायचं. परीक्षा संपतात, पुन्हा येतात, व्हॅन काही येत नाही. पण समजा, उद्या पैसे जमले, नोकरी लागली, किंवा शिकायला परदेशी गेलात आणि तिकडे अशी गाडी भाड्याने घ्यायची वेळ आली, तर नक्की कोणती घ्याल?

आपल्याकडे ‘कॅराव्हॅन’ या एकाच शब्दात सगळं कोंबलं जातं. त्यात सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन सगळ्यांना माहीत, त्यामुळे डोळ्यांसमोर तीच येते. प्रत्यक्षात हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांचे स्वभावही वेगळे.

तीन गाड्या, तीन स्वभाव

पहिली कॅराव्हॅन. अमेरिकेत हिला ट्रेलर म्हणतात. हिला स्वतःचं इंजिन नसतं. आपल्या गाडीच्या मागे हुक लावून ती ओढत न्यायची. फायदा असा, की मुक्कामाला पोचलात की ती तिथेच सोडायची आणि मोकळी गाडी घेऊन गावभर फिरायचं. तोटा असा, की अख्खं घर मागे लोंबकळत असताना घाटातलं वळण घ्यायचं, आणि रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं. नवशिक्याला घाम फुटतो. शिवाय ओढणारी गाडीही तेवढ्या ताकदीची लागते.

दुसरी मोटरहोम. ड्रायव्हरची सीट आणि घर एकाच धुडात. चालता चालता मागे जाऊन फ्रिज उघडता येईल (चालत्या गाडीत उठू नका, ही गोष्ट वेगळी) इतकी ऐसपैस. स्वयंपाकघर, बाथरूम, पलंग, सगळं आहे. पण दुधाची पिशवी आणायला जायचं तरी आधी कपबशा आवरा, खिडक्या लावा आणि मग अख्खं घर घेऊन दुकानात जा. गावातल्या गल्लीत हे धूड शिरत नाही, आणि पार्किंग शोधताना जीव जातो.

तिसरी कॅम्परव्हॅन. साधी व्हॅनच, आतून घरासारखी केलेली. कुठेही शिरते, कुठेही लागते, रोजच्या कामालाही चालते. पण आत वाकून वावरायचं, रात्री सीटची गादी करायची, सकाळी गादीची सीट करायची, आणि बाथरूमची सोय बहुतेक वेळा बाहेरच. दोघांसाठी ठीक. चौघे असाल तर तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं.

कागदावर एवढंच. आराम, किंमत, पार्किंग. ज्या माणसाची गोष्ट आज सांगायची आहे, त्यानेही हेच सगळं तोलून पाहिलं होतं. पण त्याने त्यात आणखी एक रकाना घातला होता, आणि तो रकाना तुमच्या एक्सेल शीटमध्ये बहुधा नसेल.

डिग्री नाही, पण वह्या भरलेल्या

जॉन स्टाइनबेकचा जन्म 27 फेब्रुवारी 1902चा, कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास या गावातला. सुपीक खोरं, भाजीपाल्याची शेतं. आई शाळेत शिकवलेली, वडील पुढे काउंटीचे खजिनदार. घरात पुस्तकं होती, फार पैसा नव्हता. 1919 मध्ये पोरगा स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाला. तिथे तो यायचा, जायचा, मधेच साखर कारखान्यात किंवा शेतावर कामाला लागायचा, पुन्हा एखाद्या टर्मसाठी परत यायचा. आवडतील ते विषय घ्यायचे, बाकीचे सोडून द्यायचे. 1925 मध्ये त्याने डिग्री न घेताच स्टॅनफर्डला रामराम ठोकला.

हे वाचून लगेच घरी जाऊन कॉलेज सोडतो म्हणून सांगू नका. पुढची काही वर्षं त्याने जी काढली ती वाचा आधी. मालवाहू जहाजातून पनामा कालव्यामार्गे तो न्यूयॉर्कला पोचला, तिथे मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या बांधकामावर सिमेंट वाहिलं, थोडे दिवस वार्ताहर झाला, ती नोकरीही टिकली नाही. परत कॅलिफोर्नियात आला आणि लेक टाहोजवळ एका इस्टेटीवर राखणदार म्हणून राहिला. 1929 मध्ये पहिली कादंबरी आली, कुणी फारशी विचारली नाही. 1930 मध्ये कॅरल हेनिंगशी लग्न झालं आणि दोघं पॅसिफिक ग्रोव्हमधल्या वडिलांच्या छोट्या घरात राहू लागले. वडील दर महिन्याला 25 डॉलर देत. महामंदीचे दिवस होते. समुद्रात मासे पकडायचे, परसात भाजी लावायची आणि लिहायचं. याच काळात एड रिकेट्स नावाचा समुद्रजीवांचा अभ्यासक त्याचा जिवलग दोस्त झाला. एखादी गोष्ट आधी नीट बघायची, मत नंतर बनवायचं, ही सवय त्याला या दोस्तीतून लागली.

1935 मध्ये ‘टॉर्टिला फ्लॅट’ गाजली. पहिल्यांदा हातात बरे पैसे आले. आणि पुढच्याच वर्षी आली त्याची पहिली चाकांवरची खोली.

बेकरीची गाडी

1936 साली ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ या दैनिकाने त्याला एक काम दिलं. त्या वर्षांत ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांत दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त झाली होती. कर्जात बुडालेली, जमिनीवरून हुसकावलेली कुटुंबं खटारा गाड्यांवर संसार लादून कॅलिफोर्नियाकडे निघाली होती, फळं आणि कापूस वेचायला मिळेल या आशेवर. कॅलिफोर्नियातले लोक त्यांना ‘ओकी’ म्हणून हिणवायचे. या लोकांची खरी परिस्थिती बघून लिही, असं दैनिकाचं म्हणणं होतं.

आता विचार करा. तुम्ही नावाजलेले लेखक आहात आणि उपाशी माणसांच्या तंबूपाशी जायचं आहे. चकचकीत गाडीतून उतरलात तर पहिला समज काय होईल? मालकाचा माणूस आला, किंवा पोलीस आला. तोंडं बंद. स्टाइनबेकने एक जुनी बेकरीची गाडी घेतली, पाव-केक पोचवणारी. त्यात अंथरूण टाकलं, स्वयंपाकाची भांडी ठेवली, आणि निघाला. आजच्या भाषेत ही त्याची कॅम्परव्हॅन. मुक्काम करायला हॉटेल शोधावं लागत नव्हतं, कारण ती माणसं जिथे होती तिथे हॉटेल नव्हतंच. आणि रस्त्यावर जे शेकडो खटारे चालले होते त्यांत हा आणखी एक.

आर्विन गावाजवळ, वीडपॅच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी छावणीत त्याला टॉम कॉलिन्स भेटला. हा छावणीचा व्यवस्थापक. कोण आलं, कोण आजारी पडलं, लोक काय खातात, काय बोलतात, याच्या बारीक नोंदी तो ठेवायचा. दोघं मिळून त्या गाडीतून शेतं आणि वस्त्या पालथ्या घालत फिरले. ऑक्टोबर 1936 मध्ये स्टाइनबेकची सात लेखांची मालिका छापून आली. पण त्याचं समाधान झालं नाही. तो पुन्हा पुन्हा त्या माणसांकडे गेला, आणि 1939 मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी आली. अर्पणपत्रिकेत दोन नावं आहेत, एक कॅरलचं आणि दुसरं या टॉमचं.

त्या कादंबरीतली गाडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. जोड कुटुंब एक जुनी हडसन मोटार कापून तिचा ट्रक करतं. त्यावर गाद्या, भांडी, म्हातारे, लेकरं, आणि हायवे 66. चाकांवरचं घर हेही आहे, मित्रांनो. फक्त इथे सुट्टी नाही, परतीचं तिकीट नाही, आणि दारात गाडी उभी केली तर लोक हाकलून लावतात. आपण ज्याला भटकंती म्हणतो ती काहींची हौस असते आणि काहींची नामुष्की. साखर कारखान्याच्या हंगामात बैलगाडीवर संसार घालून निघणारी आपल्याकडची ऊसतोड कुटुंबं आठवली, तर हे लगेच कळेल.

पुस्तकाने खळबळ उडाली. कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीने ते शाळा आणि वाचनालयांतून हद्दपार केलं, त्याच्या प्रती जाळल्याही गेल्या. 1940 मध्ये त्याच पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि त्यावर जॉन फोर्डचा सिनेमा आला.

मोठा लेखक, लांब गेलेला देश

यानंतरची वीस वर्षं पटकन सांगतो, कारण ती कुठल्याही चरित्रात मिळतील. युद्धाच्या बातम्या लिहिल्या, दोन लग्नं मोडली, 1948 मध्ये एड रिकेट्स रेल्वेखाली सापडून गेला. 1950 मध्ये इलेनशी तिसरं लग्न झालं, आणि हे टिकलं. 1952 मध्ये ‘ईस्ट ऑफ ईडन’ आली. मुक्काम न्यूयॉर्कमध्ये, उन्हाळ्यात लाँग आयलंडवरच्या सॅग हार्बरला समुद्रकाठी घर. पैसा, नाव, मोठ्या माणसांत ऊठबस.

आणि मग एक बोचणी. आपण अमेरिकेबद्दल लिहितो, पण गेली पंचवीसेक वर्षं ती धड बघितलीच नाही. जे लिहितो ते आठवणीतून. माणसं आता कशी बोलतात, गवताचा वास कसा येतो, काहीच ठाऊक नाही. त्यात 1959च्या डिसेंबरमध्ये तो चांगलाच आजारी पडला. वय 57. पुढचा सल्ला तुम्हाला पाठ असेल, कारण घरोघरी आजोबांना हाच दिला जातो. आता दगदग नको, जड उचलू नका, सावकाश घ्या. स्टाइनबेकला हा सल्ला धोक्याचा वाटला. आपल्या ओळखीतले पुरुष हळूहळू जपून ठेवण्याच्या वस्तू होताना त्याने बघितले होते. स्वतःचं तसं व्हायला तो तयार नव्हता.

म्हणजे 1960ची ती ट्रिप ही नुसती सुट्टी नव्हती. दोन प्रश्न होते. मला अजून चालतंय का? आणि ज्यांच्यावर मी लिहितो त्या माणसांना मी अजून ओळखतो का?

ट्रेलर नको

गाडी निवडायची वेळ आली. तेव्हा अमेरिकेत ट्रेलरची चलती होती. वॉली बायमच्या कंपनीचे चंदेरी एअरस्ट्रीम ट्रेलर जगभर गाजत होते, त्यांचा एक ताफा तर नुकताच केपटाउनपासून कैरोपर्यंत आफ्रिका पार करून आला होता. फोक्सवॅगनची छोटी बस 1950 पासून बाजारात होती आणि जर्मनीत वेस्टफालिया कंपनी तिच्यात पलंग-कपाटं बसवून देत होती. कारखान्यात तयार होणारी मोटरहोम मात्र तेव्हा नुकती कुठे येऊ घातली होती. विनेबॅगोची पहिली मोटरहोम थेट 1966ची.

स्टाइनबेकने ट्रेलर नको म्हटलं. डोंगरातल्या रस्त्यावर तो वळवणं जिकिरीचं, उभा करायला जागा मिळत नाही, अनेक ठिकाणी कायद्याने मनाई, वर नियमांची लांबलचक यादी. त्याला मोठे हायवे सोडून आडवाटेने जायचं होतं. मनात आलं की थांबायचं होतं. त्याला लागत होती गाडी एक आणि घरही तीच, कुठेही जाईल इतकी दणकट.

म्हणून त्याने चौथा पर्याय काढला. पाऊण टनी जीएमसी पिकअप ट्रक घेतला आणि त्याच्या पाठीवर, सामान ठेवायच्या हौद्यात, छोट्या बोटीच्या केबिनसारखी खोली बसवून घेतली. मिशिगनमधल्या ग्लॅडविन गावच्या वुल्व्हरिन कॅम्पर कंपनीने ती बनवली होती. आत दोघांचा पलंग, चार शेगड्यांची चूल, फ्रिज, हीटर आणि दिवे, सगळं ब्युटेन गॅसवर चालणारं. रासायनिक टॉयलेट, कपाटं, खिडक्यांना डासांच्या जाळ्या. याला आज ट्रक कॅम्पर म्हणतात. दिमाखात तो मोटरहोमचा धाकटा भाऊ आणि चपळाईत कॅम्परव्हॅनचा मोठा.

नाव ठेवलं रोसिनांते. डॉन किहोते या वेड्या सरदाराच्या मरतुकड्या घोड्याचं नाव. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश वळणात ते गाडीवर रंगवलंही.

आणि आता तो रकाना. गाडीत किती जण झोपतील, मायलेज किती, हे त्याने बघितलंच. पण त्याचा खरा प्रश्न होता, या गाडीतून उतरल्यावर माणसं माझ्याशी बोलतील का? म्हणून त्याने बरोबर बंदुका आणि मासेमारीच्या काठ्या घेतल्या. शिकार करायची नव्हती. पण शिकारीला निघालेल्या माणसाकडे कुणी संशयाने बघत नाही, म्हणून. आणि बरोबर घेतला चार्ली. फ्रान्समध्ये जन्मलेला, दहाएक वर्षांचा, उंचापुरा पूडल कुत्रा. अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायला कुत्र्यासारखा मध्यस्थ नाही, हे कुत्रा घेऊन फिरणाऱ्या कुणालाही विचारा.

साठेक किलो पुस्तकं आणि फुटलेला टायर

निघायच्या तोंडावर, 12 सप्टेंबरला, डोना चक्रीवादळ सॅग हार्बरवर धडकलं. हा आजारी, जपून राहा म्हणून सांगितलेला माणूस वादळात पाण्यात उतरला आणि त्याने आपली बोट वाचवली. 23 सप्टेंबर 1960 ला रोसिनांते निघाली. सुमारे 10 हजार मैल, म्हणजे 16 हजार किलोमीटर, सुमारे अकरा आठवडे, तिसाहून जास्त राज्यं.

तुम्ही ट्रिपच्या बॅगा भरताना जी चूक करता ती त्यानेही केली. वाटेत लागेल म्हणून अवजारं, सुटे भाग, चार माणसांना पुरेल एवढं खाणं. आणि वाचायची राहिलेली दीडशे पौंड पुस्तकं, म्हणजे 68 किलो. त्यांतली बहुतेक न वाचण्यासाठीच असतात, हे त्याला नंतर कळलं. ऑरेगनमध्ये, भर पावसात, रविवारी, ओझ्याने दमलेला मागचा टायर फुटला. साठीला आलेला लेखक चिखलात आडवा पडून चाक बदलत होता. दुसऱ्या टायरचाही भरवसा नव्हता आणि तो मोठा साइज सहज मिळणारा नव्हता. एका पेट्रोल पंपावरच्या माणसाने फोनाफोनी करून त्याला टायर मिळवून दिले.

हे नीट लक्षात ठेवा. अशी कुठलीही गाडी घेताना तिचं रिकामं वजन किती आणि जास्तीत जास्त किती चालतं, हे आधी विचारा. मधला जो फरक आहे त्यातच माणसं, पाणी, गॅस, सायकली आणि तुमची हौस बसवायची असते. पाण्याची 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो तिथेच संपले. रीलमध्ये हे कुणी सांगत नाही.

दुसरा धडा कागदपत्रांचा. नायगाराजवळून कॅनडात शिरून शॉर्टकट मारायचा त्याचा बेत होता. पण चार्लीला रेबीजची लस दिल्याचं सर्टिफिकेट जवळ नव्हतं. परत येताना अमेरिका कुत्र्याला आत घेणार नाही, असं सीमेवर कळलं आणि गाडी मागे वळवावी लागली. वर आपल्याच देशाच्या अधिकाऱ्यांनी कॅनडात न गेलेल्या माणसाची चौकशी केली.

आणि एक त्याची युक्ती, उचलण्यासारखी. झाकणाच्या डब्यात पाणी, साबण आणि मळके कपडे घालायचे, डबा कपाटात रबरी दोरीने लटकवायचा आणि गाडी चालवायची. दिवसभराच्या खड्ड्यांनी कपडे धुऊन निघतात. त्या हिशोबाने आपल्या रस्त्यांवर कपडे फारच स्वच्छ निघतील.

गाडीने काय दिलं, काय नाही

रोसिनांतेने दिलेली सगळ्यात सुंदर रात्र मेन राज्यातली. बटाट्याच्या काढणीला कॅनडातून आलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या मजुरांचा तळ एका तळ्याकाठी पडला होता. स्टाइनबेकने आधी चार्लीला सोडलं. मग कुत्रा त्रास देतोय म्हणून माफी मागायला गेला आणि ओळख काढून आला. रात्री ते कुटुंब रोसिनांतेच्या चिमुकल्या खोलीत दाटीवाटीने बसलं, गप्पा झाल्या, ठेवणीतल्या कोन्याकची बाटली निघाली. चोवीस वर्षांपूर्वी बेकरीच्या गाडीतून तो शेतमजुरांकडेच गेला होता. पाहुणचार करायला घर जवळ असणं, हा चाकांवरच्या घराचा मोठा गुण. तुम्ही नुसते पाहुणे राहत नाही, यजमानही होऊ शकता.

रस्त्यात त्याला ट्रेलरमध्ये कायमचे राहणारेही भेटले. फिरायला निघालेले नाहीत, घरच तसलं. कारखाना बंद पडला की घर उचलून दुसऱ्या गावी जायचं. त्यांच्या घरी जेवताना त्याने मुळं नसण्याबद्दल विचारलं. घरमालकाचा बाप इटलीहून आला होता, मातीच्या जमिनीच्या आणि नळ नसलेल्या घरातून. मुळांचं कौतुक त्या माणसाला फारसं नव्हतं. स्टाइनबेक विचारात पडला. तुम्हीही पडाल, विशेषतः गावाकडचं घर सोडून शहरात खोली घेऊन शिकत असाल तर.

पण सगळ्या रात्री अशा नव्हत्या. एकटेपणा होता. चार्ली दोनदा आजारी पडला. आणि न्यू ऑर्लिन्स होतं.

नोव्हेंबर 1960 मध्ये तिथल्या गोऱ्यांच्या शाळेत कोर्टाच्या आदेशाने सहा वर्षांची एक काळी मुलगी, रुबी ब्रिजेस, दाखल झाली होती. रोज सकाळी शाळेसमोर गर्दी जमायची आणि काही गोऱ्या बायका त्या चिमुरडीवर घाणेरड्या शिव्यांचा वर्षाव करायच्या, बाकीचे टाळ्या वाजवायचे. स्टाइनबेक हे बघायला मुद्दाम गेला. आणि जाताना काय केलं? रोसिनांते पार्किंगमध्ये ठेवली आणि टॅक्सी केली, कारण गाडीवर न्यूयॉर्कची नंबरप्लेट होती. अख्ख्या प्रवासातलं जे सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण, तिथे ती हौसेने बांधलेली गाडी कामाची नव्हती. तिथे त्याला गर्दीत उभं राहून फक्त बघावं लागलं, आणि जे बघितलं त्याने त्याचं पोट ढवळून निघालं.

त्यानंतर प्रवासातली मजा संपली. व्हर्जिनियात पोचता पोचता त्याच्यापुरती ट्रिप आटोपली होती, नुसते मैल उरले होते. न्यूयॉर्कमध्ये शिरल्यावर तो स्वतःच्याच शहरात रस्ता चुकला.

पुस्तकात नसलेली पानं

1962 मध्ये ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ प्रसिद्ध झालं आणि धडाक्यात खपलं. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. गाडी घेऊन एकटं निघायचं स्वप्न अमेरिकेतल्या कित्येक पोरांना या पुस्तकाने दाखवलं.

पुढचा भाग फॅन लोकांना आवडत नाही. बिल स्टायगरवाल्ड नावाच्या पत्रकाराने 2010 मध्ये तोच रस्ता पुन्हा धरला आणि पत्रं, हस्तलिखित, तारखा ताडून पाहिल्या. निघालं असं, की एकटा माणूस आणि त्याचा कुत्रा हे चित्र पूर्ण खरं नव्हतं. प्रवासाच्या मोठ्या टप्प्यात इलेन बरोबर होती. पहिल्या खर्ड्यात ती दिसते, छापील पुस्तकात जवळपास नाहीशी होते. कित्येक रात्री रोसिनांतेत नाही तर हॉटेल-मोटेलात गेल्या होत्या. काही संवाद तर रचलेले वाटतात. नंतरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही हे पुस्तक शब्दशः खरं धरू नका, असं वाचकांना सांगितलं गेलं.

याला फसवणूक म्हणायचं का? त्याने हे प्रवासवर्णन म्हणूनच छापलं होतं, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण त्या माणसाकडेही बघा. 58 वर्षांचा, नुकता आजारातून उठलेला, बायकोची आठवण येणारा, थंडीत गरम पाण्याच्या टबाची ओढ लागलेला. तो हॉटेलात झोपला यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. लपवलं, ते मात्र चुकलं. 1936 मध्ये त्याच्याकडे एक जुनाट गाडी होती, आणि तो ज्यांना भेटायला गेला त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा परत गेला. 1960 मध्ये गाडी दसपट चांगली होती, पण प्रत्येक गावात जेमतेम एक रात्र. पहिल्या गाडीतून जे पुस्तक निघालं, त्याने एका पिढीला देश दाखवला. दुसरीतून निघालं ते वाचायला गोड आहे, पण बरंचसं चालवणाऱ्याबद्दल आहे.

जॉन स्टाइनबेक 20 डिसेंबर 1968 ला न्यूयॉर्कमध्ये गेला. त्याच्या अस्थी सॅलिनासला नेण्यात आल्या. हिरवी रोसिनांते आज तिथल्याच नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये उभी आहे. लोक काचेतून आतला पलंग आणि चूल बघतात.

मग तुम्ही कोणती घ्याल?

घरच्यांसोबत एकाच जागी आठवडाभर राहायचं आणि आसपास फिरायचं असेल, तर ओढायची कॅराव्हॅन बरी. आजी-आजोबा आहेत, लहान मूल आहे, बाथरूम हाताशी हवं, रस्ते रुंद आणि मुक्काम ठरलेले, तर मोटरहोम. दोघं आहात, रोज नवं गाव, अरुंद रस्ते, बजेट तुटपुंजं, तर कॅम्परव्हॅन. विकत घेण्याआधी एकदा भाड्याने घेऊन दोन रात्री काढा, त्यातली एक पावसाची असू द्या. सामानाची यादी करा आणि अर्धी खोडा.

आणि स्टाइनबेकचा रकाना भरायला विसरू नका. या गाडीतून उतरल्यावर तुमच्याशी कोण बोलेल? तुमच्या घरात चहाला कोण येऊन बसू शकेल? एका गावात तुम्ही किती दिवस थांबाल? या तीन प्रश्नांची उत्तरं नीट सापडली, तर एसटीने गेलात तरी ट्रिप झकास होईल. नाही सापडली, तर फ्रिज असलेली मोटरहोमसुद्धा तुम्हाला फक्त एका पार्किंगमधून दुसऱ्या पार्किंगमध्ये नेऊन सोडेल.